ऑटोफॅजी आणि लंघन : पेशीतील स्वभक्षणाचे नियमन व वैद्यांचा विवेक

गेल्या काही वर्षांत 'ऑटोफॅजी' हा शब्द प्रयोगशाळेबाहेर पडून रुग्णांच्या तोंडी आला आहे. 'सोळा तास उपाशी राहिले की ऑटोफॅजी सुरू होते, हे खरे का?' हा प्रश्न आता चिकित्सालयात नवीन राहिलेला नाही. पूरक उत्पादनांच्या जाहिरातींतही हा शब्द शिरला आहे. आपल्या व्याख्यानांतून व चर्चासत्रांतून तर 'लंघन म्हणजेच ऑटोफॅजी' असे समीकरण सहजपणे मांडले जाते. आपल्या शास्त्राला आधुनिक विज्ञानाची पावती मिळाली, असा आनंद त्यामागे असतो. तो आम्ही समजू शकतो. परंतु ज्या प्रक्रियेचे नाव आपण घेतो ती पेशीमध्ये कशी चालते, कोण तिला सुरू करते आणि कोण थांबवते, हे न समजता तिचे नाव घेणे वैद्याला शोभणारे नाही. त्यातून रुग्णाचे अहित होण्याचाही संभव आहे. म्हणून या लेखात प्रथम स्वभक्षणाच्या नियमनाचा क्रमवार विचार करू आणि त्यानंतर चिकित्सक व औषधनिर्माते या नात्याने आपली मर्यादा कोणती, ते पाहू.

शोधाचा इतिहास

१९५५ मध्ये बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांनी उंदराच्या यकृतपेशींवर काम करीत असताना लायसोसोम अर्थात लयकारिकेचा शोध लावला. आम्ल द्रव आणि पाचक विकरे यांनी भरलेली ही पेशीतील सूक्ष्म पिशवी होय. पेशी स्वतःचेच घटक या पिशवीत नेऊन पचविते, असे दिसून आल्यावर १९६३ मध्ये द द्यूव यांनी या क्रियेला 'ऑटोफॅजी' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'ऑटो' म्हणजे स्वतः आणि 'फॅजिन' म्हणजे खाणे. मराठीत आपण तिला स्वभक्षण म्हणू. १९६७ मध्ये ग्लुकॅगॉन या संप्रेरकामुळे यकृतपेशींतील स्वभक्षण वाढते, असेही त्यांच्या प्रयोगशाळेत दिसले. आहार, संप्रेरके आणि स्वभक्षण यांचा संबंध असा आरंभीच लक्षात आला होता. मात्र ही क्रिया नेमकी कोणती जनुके चालवितात, हे पुढील पंचवीस वर्षे कोणालाच सांगता आले नाही.

ते कोडे जपानमध्ये सुटले. १९८८ मध्ये टोकियो विद्यापीठात स्वतःची लहानशी प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्ट हा साधा एकपेशीय जीव निवडला. ज्या यीस्टमध्ये प्रथिने पचविणारी विकरे नाहीत अशा यीस्टला त्यांनी उपाशी ठेवले. पचन होत नसल्यामुळे पचनासाठी आलेला माल पेशीतील मोठ्या रिक्तिकेत साचू लागला आणि काही तासांतच तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वभक्षणास आवश्यक असलेली पंधरा जनुके हुडकून काढली. आज ही जनुके 'एटीजी' या नावाने ओळखली जातात आणि त्यांपैकी बहुतेकांची भावंडे मानवी पेशीतही आहेत. २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ओसुमी यांना एकट्याला मिळाले.

नेमके काय घडते?

स्वभक्षणाचे तीन प्रकार मानले जातात. त्यांपैकी ज्याची चर्चा सर्वाधिक होते तो बृहत्-स्वभक्षण हा प्रकार येथे अभिप्रेत आहे. पेशीद्रवात प्रथम एक चपटे, वाटीसारखे दुपदरी आवरण तयार होते. ते वाढत जाऊन जीर्ण प्रथिने, निकामी मायटोकॉन्ड्रिया किंवा पेशीद्रवाचा एखादा भाग यांना वेढते आणि शेवटी तोंड मिटून घेते. सुमारे अर्धा ते दीड मायक्रोमीटर व्यासाची ही बंद पोटली लायसोसोमला जाऊन मिळते. तेथील विकरे आतील मालाचे अमिनो आम्ले, मेदाम्ले, शर्करा अशा मूळ घटकांत विघटन करतात आणि हे घटक पुन्हा पेशीद्रवात सोडले जातात. म्हणजे येथे केवळ कचरा काढून टाकणे नाही. जुन्या घराच्या विटा काढून नव्या भिंतीत वापराव्यात, तसा हा प्रकार आहे.

ही क्रिया उपवासाच्या वेळीच सुरू होते, हा समज चुकीचा आहे. पोट भरलेल्या प्राण्याच्या पेशींतही ती मंद गतीने अखंड चालू असते. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या केवळ चेतापेशींतील एटीजी-५ किंवा एटीजी-७ हे जनुक काढून टाकले. या उंदरांना खाणे पुरेसे मिळत होते. तरीही त्यांच्या चेतापेशींत प्रथिनांचे गोळे साचले आणि पेशींचा ऱ्हास झाला. रोजची ही झाडलोट थांबली की रोग होतो, हा या प्रयोगाचा बोध होय.

एमटॉर : सुबत्तेचा निरोप्या

स्वभक्षणावरील मुख्य लगाम म्हणजे 'एमटॉर' नावाचे विकर. त्याच्या शोधाची हकीकत औषधनिर्मात्यांना विशेष रुचेल. १९६४ मध्ये पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरून मातीचे नमुने गोळा करण्यात आले. त्या मातीतील एका जिवाणूपासून मिळालेल्या द्रव्याला, बेटाच्या 'रापा नुई' या स्थानिक नावावरून, रॅपामायसिन म्हणण्यात आले. १९७५ मध्ये हे द्रव्य जगापुढे मांडणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयात घेतले होते. १९९१ मध्ये हे द्रव्य पेशीत कशावर काम करते याचा शोध यीस्टमध्ये लागला आणि त्या लक्ष्याला 'टॉर' म्हणजे रॅपामायसिनचे लक्ष्य असे नाव पडले. सस्तन प्राण्यांतील त्याचे रूप म्हणजे एमटॉर.

एमटॉर लायसोसोमच्या पृष्ठभागावर येऊन कार्यरत होते. तेथे त्याला दोन बाजूंनी निरोप मिळतात. पहिला निरोप अमिनो आम्लांचा. ल्यूसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांची उपलब्धता ओळखणारी स्वतंत्र प्रथिने पेशीत आहेत. ती 'रॅग' नावाच्या प्रथिनांमार्फत एमटॉरला लायसोसोमवर बोलावून घेतात. दुसरा निरोप इन्सुलिनचा. भोजनोत्तर इन्सुलिन वाढले की त्याचा संदेश एकातून दुसऱ्या विकराकडे जात 'टीएससी' नावाच्या अडसरापर्यंत पोहोचतो. तो अडसर दूर होताच 'ऱ्हेब' हे प्रथिन एमटॉरला चेतविते. अन्न आले आहे आणि ते पेशीपर्यंत पोहोचलेही आहे, असे दोन्ही निरोप जुळले म्हणजे एमटॉर नवनिर्मितीला चालना देते आणि स्वभक्षणाला आवर घालते.

हा आवर कसा घातला जातो? स्वभक्षणाचा आरंभ 'युएलके-१' नावाच्या विकरसंघाकडून होतो. एमटॉर या संघातील प्रथिनांना ठरावीक जागी फॉस्फेटचा रेणू जोडते. तो रेणू जोडलेला असेपर्यंत हा संघ निष्क्रिय राहतो. अमिनो आम्ले घटली की एमटॉर लायसोसोमवरून दूर होते, फॉस्फेट निघून जातात आणि युएलके-१ मोकळे होते. संवर्धित पेशींची अमिनो आम्ले काढून घेतली असता तासाभराच्या आत स्वभक्षणाच्या पोटल्या वाढलेल्या दिसतात.

पेशीतील ऊर्जा घटली की 'एएमपीके' हे दुसरे विकर जागे होते. २०११ मधील संशोधनाने असे दाखविले होते की, एएमपीके हे युएलके-१ ला वेगळ्या जागी फॉस्फेट जोडून त्याला चालना देते. पाठ्यपुस्तकांत हेच चित्र स्थिरावले. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निराळेच दिसले. ग्लुकोज अचानक तोडले असता एएमपीके युएलके-१ ला उलट आवरून धरते आणि स्वभक्षणाची यंत्रसामग्री मात्र पुढील वेळेसाठी सांभाळून ठेवते. स्वभक्षण चालविण्यासही ऊर्जा लागतेच, हे लक्षात घेता हे विसंगत नाही. उपासमार म्हणजे स्वभक्षण, असे सरळ गणित पेशीच्या पातळीवरही मांडता येत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

आवरणाची घडण आणि मालाची निवड

युएलके-१ मोकळे झाल्यावर दुसरा संघ कामाला लागतो. त्यात 'व्हीपीएस-३४' हे विकर आणि 'बेक्लिन-१' हे प्रथिन प्रमुख आहेत. हा संघ पटलावर एका विशिष्ट मेदरेणूची खूण उमटवितो आणि त्या खुणेच्या जागी आवरण घडू लागते. बेक्लिन-१ वरही पहारा आहेच. पोषण विपुल असताना 'बीसीएल-२' हे प्रथिन त्याला धरून ठेवते. आवरण वाढविण्यासाठी लागणारे मेद 'एटीजी-९' असलेल्या सूक्ष्म पुटिका आणि मेदाचे वहन करणारे 'एटीजी-२' यांच्याद्वारे पुरविले जातात.

यानंतर 'एलसी-३' नावाचे प्रथिन आवरणाच्या मेदाला रासायनिक बंधाने जोडले जाते. या जोडणीसाठी एटीजी-७, एटीजी-३ आणि एटीजी-५ यांची साखळी काम करते. एलसी-३ चे कार्य दुहेरी आहे. एक तर ते आवरणाच्या वाढीस मदत करते. दुसरे म्हणजे आत घ्यावयाचा माल ओळखण्यासाठी ते खुंटीसारखे उपयोगी पडते. निकामी प्रथिनांवर पेशी 'युबिक्विटिन' नावाची चिठ्ठी लावते. 'पी-६२' हे प्रथिन एका हाताने ती चिठ्ठी आणि दुसऱ्या हाताने एलसी-३ पकडते. निकामी मायटोकॉन्ड्रियाची निवड 'पिंक-१' व 'पार्किन' ही प्रथिने करतात. या दोन जनुकांतील दोषांमुळे तरुण वयात येणारा पार्किन्सन रोग संभवतो. यावरून स्वभक्षणात 'काय खावे' हा निर्णय 'किती खावे' या निर्णयाइतकाच महत्त्वाचा आहे, हे कळते.

थांबण्याची व्यवस्था

एमटॉर हे 'टीएफईबी' नावाच्या नियामक प्रथिनालाही पेशीद्रवात अडकवून ठेवते. उपवास लांबला की टीएफईबी केंद्रकात शिरते आणि लायसोसोम व स्वभक्षण यांच्या जनुकांना जागे करते. अशा रीतीने तातडीच्या प्रतिसादाच्या मागोमाग दीर्घकाळची तयारीही होते.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. २०१० मध्ये असे दाखविण्यात आले की, उपाशी ठेवलेल्या पेशींत स्वभक्षणातून सुटलेली अमिनो आम्लेच काही तासांनी एमटॉरला पुन्हा जागे करतात. बाहेरून अन्न आलेले नसतानाही एमटॉर सावध होते, स्वभक्षणाला आवर बसतो आणि वापरलेल्या लायसोसोमांची पुनर्रचना होते. ही प्रक्रिया आपल्याच फळाने आपला वेग कमी करते. अमर्याद स्वभक्षण पेशीला परवडणारे नाही, हे निसर्गाने प्रक्रियेतच बांधून ठेवले आहे.

दुधारी स्वरूप

स्वभक्षणाचे महत्त्व सांगणारा एक सुंदर प्रयोग २००४ मधील आहे. जन्मताच अपरेचे पोषण तुटते आणि दूध मिळेपर्यंत नवजात उंदराला आपल्याच पेशींवर निर्वाह करावा लागतो. त्या काही तासांत त्याच्या अवयवांतील स्वभक्षण झपाट्याने वाढते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. ज्या पिलांत एटीजी-५ नव्हते ती पहिल्या दिवसातच दगावली. जीवनाच्या उंबरठ्यावर स्वभक्षण हे प्राणरक्षक आहे.

मात्र अर्बुदाच्या बाबतीत हेच स्वभक्षण दोन्ही बाजूंनी वागते. बेक्लिन-१ च्या दोन प्रतींपैकी एक काढून टाकलेल्या उंदरांत अर्बुदे अधिक होतात, म्हणजे आरंभी स्वभक्षण संरक्षण करते. परंतु अर्बुद एकदा वाढले की त्यातील पेशी रक्तपुरवठा अपुरा असताना तगून राहण्यासाठी स्वभक्षणाचाच आधार घेतात. म्हणूनच कर्करोगात स्वभक्षण रोखण्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या चाचण्या झाल्या आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला 'ऑटोफॅजी वाढवा' असा सल्ला देणे किती जोखमीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

मापनाची अडचण

स्वभक्षण मोजण्यासाठी आवरणाला जोडलेल्या एलसी-३ चे प्रमाण पाहिले जाते. परंतु हे प्रमाण दोन कारणांनी वाढू शकते. पोटल्या अधिक तयार होत असतील तरी, आणि पोटल्यांचे पचन अडले असेल तरी. ओसुमी यांनी यीस्टमध्ये पाहिलेला साठा हा पचन बंद केल्यामुळेच दिसला होता, हे येथे आठवावे. गटारात पाणी वाढले म्हणजे पाऊस अधिक झाला की निचरा तुंबला, हे केवळ पातळी पाहून सांगता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून साठ्याऐवजी प्रवाह मोजावा लागतो.

आपल्याशी निगडित उदाहरण म्हणजे अश्वगंधेतील विथाफेरिन-ए. त्यामुळे कर्करोगपेशींत एलसी-३ वाढते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. परंतु २०१९ मध्ये स्तनाच्या कर्करोगपेशींवरील संशोधनात असे आढळले की, ते लायसोसोमचे कार्य मंदावते आणि स्वभक्षणाचा प्रवाह अडविते. पोटल्या वाढल्या त्या पचनाअभावी. शिवाय हे एका शुद्ध घटकाचे काचपात्रातील काम आहे. अश्वगंधा चूर्ण दुधाबरोबर घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात काय होते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

मानवी शरीरातील स्वभक्षण मोजणारी, दैनंदिन व्यवहारात वापरता येईल अशी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. 'सोळाव्या तासाला' स्वभक्षण सुरू होते या विधानाला म्हणूनच भक्कम आधार नाही. उपवासासंबंधीचे बरेचसे ज्ञान उंदरांवरून आलेले आहे. उंदराच्या चयापचयाचा वेग माणसाहून कितीतरी अधिक असल्यामुळे त्याचा एक दिवसाचा उपवास आणि माणसाचा एक दिवसाचा उपवास यांना एका मापाने मोजता येणार नाही.

लंघनाशी तुलना कोठवर?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. चार प्रकारचे शोधन, पिपासानिग्रह, मारुतसेवन, आतपसेवन, पाचन, उपवास आणि व्यायाम हे ते दहा. उपवास हा त्यांपैकी केवळ एक आहे. ज्याची व्याख्या 'शरीरात लाघव आणणारे' अशी केली आहे त्या व्यापक संकल्पनेला एका पेशीय प्रक्रियेचे नाव देणे म्हणजे शास्त्राचा विस्तार नव्हे, संकोच होय. तसेच आम ही संकल्पना अग्निमांद्याशी निगडित आहे. पेशीतील चिठ्ठी लावलेले निकामी प्रथिन म्हणजेच आम, असे म्हणण्यास ना ग्रंथाचा आधार आहे ना प्रयोगाचा.

तथापि दोन्हींमध्ये विचाराचे एक साम्य निश्चित आहे, आणि ते मात्रेचे आहे. त्याच अध्यायात सम्यक् लंघनाची लक्षणे दिली आहेत. वात-मूत्र-पुरीषाचे सुखाने विसर्जन, गात्रलाघव, उद्गारशुद्धी, तंद्रा व क्लम यांचा नाश, रुची आणि क्षुधा-तृष्णा यांचा एकत्र उदय, ही ती लक्षणे. अतिलंघनाचीही लक्षणे तेथेच आहेत. पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, क्षुधानाश, मनाचा संभ्रम, देह-अग्नि-बलाचा नाश. ज्वरचिकित्सेत लंघन प्रथम सांगितले असले तरी क्षयज, वातज, भय, क्रोध, काम, शोक व श्रम यांपासून झालेल्या ज्वरांत ते वर्ज्य केले आहे आणि लंघन प्राणाला विरोधी होऊ नये, अशी अट घातली आहे. किती, कोणाला, केव्हा आणि कोठे थांबावे हे आचार्यांनी रुग्णाच्या शरीरावरील लक्षणांवरून ठरविले. घड्याळाच्या काट्यावर ठरविले नाही.

चिकित्सालयातील सावधानता

उपवासाचा सल्ला देण्यापूर्वी रुग्णाची चालू औषधे विचारलीच पाहिजेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेही रुग्णाने जेवण टाळले तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधे चालू असताना दीर्घ उपवास केल्यास रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोनजन्य अम्लता उद्भवू शकते. शर्करेची तपासणी समाधानकारक दिसल्यामुळे ती सहज नजरेतून सुटते. अशा रुग्णाला मळमळ, वांती, पोटदुखी किंवा धाप लागल्यास ती उपवासाची 'शुद्धीची लक्षणे' समजू नयेत, तत्काळ रुग्णालयात पाठवावे. गर्भिणी, सूतिका, बालक, कृश वृद्ध, क्षयाचे व कर्करोगाचे रुग्ण यांच्या बाबतीत ऑटोफॅजीच्या नावाखाली उपवास सांगू नये. वृद्धांत मांसधातूचा क्षय आधीच चालू असतो, त्यात भर घालणे हे चिकित्सेचे काम नव्हे.

औषधनिर्मात्यांना विनंती

वेष्टनावर 'ऑटोफॅजी वाढविते' असे छापण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. प्रयोग काचपात्रातला आहे की माणसावरचा? त्यात साठा मोजला की प्रवाह? आणि तेथे वापरलेला घटक व मात्रा आपल्या योगात खरोखर पोहोचते का? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे नसतील तर तो शब्द वेष्टनावर नको. त्याच्या आधारे कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो असे सुचविणे तर औषधी व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या कक्षेत येते. रॅपामायसिन हे एमटॉरला रोखते, पण तेच द्रव्य मूत्रपिंडरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाते. एमटॉर रोखणे म्हणजे निरपवादपणे आरोग्य नव्हे, याचा तो पुरावा आहे.

समारोप

ऑटोफॅजीच्या संशोधनाने लंघन सिद्ध केले, असे आम्ही म्हणणार नाही. लंघनाला अशा उसन्या सिद्धीची गरजही नाही. या संशोधनातून घेण्यासारखे आहे ते हे की, पेशीदेखील भक्षण सुरू करण्याइतकेच ते थांबविण्याचे नियम काटेकोरपणे पाळते. आपल्याकडे येणारा रुग्ण 'ऑटोफॅजी'विषयी विचारील तेव्हा त्याला तासांचा आकडा सांगण्याऐवजी त्याचे बल, अग्नी, वय आणि चालू औषधे पाहून उत्तर द्यावे. लंघनाच्या काळात लक्षणे पाहून मात्रा ठरवावी आणि नोंद ठेवावी. पेशींत काय घडले हे आज आपल्याला मोजता येत नाही. गात्रलाघव आले की अंगमर्द सुरू झाला, हे मात्र प्रत्येक वैद्याला पाहता येते, आणि रुग्णाची सुरक्षितता तेवढ्यावर अवलंबून असते.